सिद्धरामाची यात्रा, अक्कलकोट आणि गाणगापूर : आईसोबतचा प्रवास

बाबा गेल्यापासून आईचा एकच प्रश्न होता. वटपौर्णिमेला इतकी वर्षं सात जन्म मागितले, मग हा झाला तो त्यातला कितवा? पहिला असेल तर ठीक आहे, अजून सहा आहेत, पण सातवा असला तर काय करायचं? हे ती रात्री दोन-अडीचला उठून विचारायची, आणि तिला खरंच उत्तर पाहिजे असायचं. झोपेसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या चालू होत्या, पण प्रश्न तिथंच. मग संक्रांत जवळ आली तसा सोलापूरहून आत्याचा फोन आला, "वहिनी, तिथं बसून काय करालाव? यात्रेला या की, दादा नसला म्हणून काय झालं, मान तर आपलाच आहे ना."

आम्ही मूळचे सोलापूरचे कुंभार. बाबा तरुणपणी पिंपरीला कंपनीत लागले आणि आमचं सगळं पुण्यातच झालं, पण सिद्धेश्वराच्या यात्रेला ते कधी चुकले नाहीत. आम्हाला शाळा, परीक्षा, नंतर ऑफिस, त्यामुळे ते एकटेच जायचे आणि येताना शेंगा चटणी आणि प्रसाद घेऊन यायचे. "आपली पोरगी दिलीय तिथं," असं म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं कुणी चुलत बहीण वगैरे असेल.

भोगीचा आदला दिवस

रात्री हुतात्मा एक्सप्रेसने उतरलो होतो, त्यामुळे सकाळी उठायला उशीर झाला, पण आत्या कुठली झोपू देते. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू या मानकऱ्यांच्या वाड्यातून नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मानाच्या काठ्या, निघायच्या आत पोचायचं होतं.

ज्यांना यात्रा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. तेव्हा गावाचं नाव सोन्नलगी. लहानपणी गुरं राखताना त्यांना एक जंगम, म्हणजे शिवभक्त साधू, भेटला, त्याने हुरडा मागितला, मग म्हणाला पोटात आग पडलीय, दहीभात आण. पोरगं घरी पळालं, दहीभात घेऊन आलं तर जंगम गायब. तो श्रीशैलचा मल्लिकार्जुन, म्हणजे महादेव होता असं मानतात आणि त्याला शोधत हा मुलगा श्रीशैलपर्यंत गेला. परत आल्यावर त्यांनी लोकांना सोबत घेऊन तळं खोदलं, गावाभोवती 68 लिंगं स्थापन केली. आणि त्यांच्या दारात रोज सडा-रांगोळी करणारी एक कुंभाराची मुलगी होती, तिने लग्नाचा हट्ट धरला. मी तर देवाशी बांधलेला, संसार करू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं, पण तिला तसंच परत नाही पाठवलं. आपला योगदंड दिला, याच्याशी लग्न लाव म्हणाले. तेच लग्न सोलापूर आजही दरवर्षी लावतं, भोगीला. नऊशे वर्षांच्या आसपास झाली या गोष्टीला.

तर आज त्या लग्नाची हळद, म्हणजे यण्णीमज्जन, 68 लिंगांना तैलाभिषेक. सात नंदीध्वज, उंचच उंच बांबू, वेगवेगळ्या समाजांकडे त्यांचा मान, आणि मागेपुढे पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, म्हातारी, तरणी, सहा-सात वर्षांची पोरंसुद्धा बाराबंदी घालून. मध्येच कुणीतरी ओरडतं, "बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र," आणि अख्खा रस्ता उत्तर देतो. मला अंगावर काटा आला, खरं सांगते. आई गर्दीला घाबरते म्हणून आम्ही पूर्ण फेरी केली नाही, थोडं चालून रिक्षाने परत आलो.

आणि आज बारा जानेवारी. 1931 साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे चार स्वातंत्र्यसैनिक, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं होतं. आम्ही आलो त्या गाडीचं नाव त्यांच्यावरूनच. चौघांच्या पुतळ्यांना सकाळीच हार घातलेले होते. सोलापूरला एकाच दिवशी हळदही आहे आणि हेही, आणि लोक दोन्हीकडे जातात.

भोगी

सकाळी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. आत्याने बाबांचं ताट वेगळं वाढून ठेवलं आणि नंतर ते आईलाच जेवायला लावलं. मी काही बोलले नाही, आईनेही गुपचूप खाल्लं.

अक्षता सोहळा तळ्याकाठच्या संमती कट्ट्याजवळ होतो. खूप आधी जाऊन जागा धरावी लागते. आम्ही एका भिंतीला टेकून उभे होतो, आईच्या मुठीत अक्षता, घामाने तांदूळ हाताला चिकटलेले, पिवळे झालेले. एकेक करत सातही नंदीध्वज आले. एवढा बांबू उभा पेलायचा म्हणजे गंमत नाही, पेलणाऱ्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, आजूबाजूची माणसं त्याच्याकडे डोळे लावून, जरा झोक गेला की सगळ्यांचे हात वर. आत्याचा धाकटा मुलगा म्हणाला महिने महिने सराव करतात पोरं.

मग संमती वाचली जाते, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टका म्हणा. आणि त्यात ते शब्द येतात, सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम, आणि एकदम चहूबाजूंनी अक्षता. गच्च्यांवरून, झाडांवरून, पोलिसांच्या मागून, सगळीकडून. लाखभर माणसं असतील नसतील, मला अंदाज नाही, पण प्रत्येकाचा चेहरा घरचं लग्न असल्यासारखाच होता. आईने अक्षता टाकल्याच नाहीत. मूठ तशीच. मी म्हटलं, "आई, टाक की." तर म्हणाली, "थांब, तुझ्या बाबांच्या वाटणीच्या आधी टाकते," आणि दोन वेळा टाकल्या.

तिथे मला पहिल्यांदा कळलं बाबा काय म्हणायचे ते. ही मुलगी कोण होती, नाव काय, मला माहीत नाही, पण तिच्या बाजूची माणसं अजून आहेत. आज कुंभार घराण्याला मानाचा विडा मिळतो तो ती मुलीकडची माणसं म्हणून. म्हणजे आम्ही व्याही आहोत देवाचे! मी पुण्यात वाढलेली, कॉलेजात आडनाव सांगताना कधीकधी आवाज लहान व्हायचा माझा, जातीवरून काय काय ऐकलंय ते इथे लिहीत नाही. आणि इथे एवढ्या गर्दीत एका अनोळखी म्हातारबाबांनी "कुणाच्या तुम्ही" विचारलं, आत्याने सांगितलं, तर त्यांनी हात जोडले. पूर्वजांची ओळख म्हणजे काय हे मी त्या क्षणी शिकले.

संक्रांत

सकाळ आत्याच्या अंगणात गेली. संक्रांतीच्या आधी कुंभाराच्या घरात उसंत नसते, सुगडांचा सीझन. आता विक्री संपलेली, कोपऱ्यात थोडी उरलेली सुगडं आणि टवका उडालेली बोळकी. आत्याने आईला चाकाजवळ बसवलं. मातीचा गोळा मध्ये ठेवला, चाक फिरवलं (आता मोटर बसवलीय), आणि आईचे दोन्ही अंगठे धरून गोळ्यात दाबले. कडा वर येत गेली, वाकडी झाली, परत सरळ केली, मग ओल्या दोऱ्याने खालून कापून अलगद उचललं. मोठा माठ असला तर आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत फुगवतात, ते आत्याच्या मिस्टरांनी करून दाखवलं. हाच हात आजोबांचा, म्हणाले. ते आणि आजोबा एकाच माणसाकडे शिकलेले. आजोबांना मी कधी पाहिलं नाही पण तो टप-टप आवाज मला माहीत होता, कारण बाबा टीव्ही बघताना मांडीवर तसंच थोपटायचे. अगदी तोच ठेका! मी आईकडे पाहिलं, तिलाही कळलं होतं. आम्ही दोघीही रडलो आणि आत्या चिडली, "सणाचं काय रडालाव गं तुम्ही," असं म्हणत तीही रडली.

वंशातून काय येतं आणि जन्मातून काय येतं, मला वेगळं करता येत नाही. पण काहीतरी येतं हे नक्की.

संध्याकाळी होम मैदान. आता जो भाग मला जड जातो तो. लग्नानंतर ती मुलगी अग्नीत गेली असं कथा सांगते, म्हणून संक्रांतीला होम. बाजरीच्या पेंढ्यांची तिची प्रतिकृती करतात, तिला शालू, मणी-मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं घालतात, आणि होमकुंडात अग्नी देतात. नागफणा बांधलेला नंदीध्वज येतो, तो तर आणखी अवघड पेलायला. नंतर रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, गूळ वगैरे ठेवून भाकणूक होते, ते काय खातं, कशाला बुजतं, यावरून वर्षाचा अंदाज.

मला ते बघवलं नाही. सती हा शब्द कितीही फुलं वाहिली तरी मला पवित्र वाटत नाही, आणि ती आमच्या घरची मुलगी म्हटल्यावर तर अजिबातच नाही. जिने रोज रांगोळी काढली, जिने तोंड उघडून सांगितलं की मला हाच पाहिजे, बाराव्या शतकात! तिचा शेवट असा का? मी आत्याला हे बोलून दाखवलं, वाटलं ओरडेल. तर ती म्हणाली, "आम्ही बायका होमाला नाही येत गं, अक्षतेला येतो." म्हणजे तिला होमाचं वाईट वाटतं हे तिने तिच्या पद्धतीने सांगितलं.

आई मात्र जाळाकडे टक लावून बघत होती. बाबांना अग्नी दिला तेव्हा ती वैकुंठ स्मशानभूमीत आली नव्हती, बायकांनी जायचं नाही म्हणून नातेवाईकांनी घरी बसवलं होतं. आता ती पुढे पुढे सरकत गेली, मी हात धरून होते. बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "पुढच्या भोगीला परत नवरी होते ना ही." एवढंच. त्या रात्री ती झोपली. पहाटेपर्यंत.

किंक्रांत

करीला प्रवास करायचा नाही म्हणून आत्याने अडवलं, त्यामुळे दिवस घरीच. कडक भाकरी, दही, शेंगा चटणी, गप्पा.

गप्पांत तो विषय निघाला जो मी टाळत होते. मध्यंतरी सोसायटीतल्या कुणीतरी आईला एका हीलरचा नंबर दिला होता. मागच्या जन्मात नेतो, तुमच्या मिस्टरांचा आत्मा आत्ता कुठे आहे ते सांगतो, तुमची गाठ किती शतकांची आहे ते दाखवतो. सिटिंगची फी ऐकून मी हादरले, आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या हे ऐकून तर मी तिथेच थांबवलं. पुनर्जन्मावर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच मला या धंद्याचा राग येतो. संमोहनात माणूस सूचनेप्रमाणे आठवणी तयार करतो आणि त्या त्याला खऱ्याच वाटतात, हे मानसशास्त्रात नीट तपासलेलं आहे. दुःखात असलेल्या बाईला डोळे मिटायला लावून काय दिसतंय विचारलं तर तिला जे पाहिजे तेच दिसणार ना.

आत्याच्या मोठ्या मुलाने यावर बरंच वाचलंय. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी आयुष्यभर मुलांच्या अशा केसेस गोळा केल्या, दोन हजारांच्या वर, त्यात भारतातल्याही पुष्कळ. मुलं साधारण दोन ते पाच वर्षांची असताना बोलतात आणि मोठी होताना विसरतात. आपल्या नागपूरचीही एक केस त्यांनी अभ्यासली, 1970 च्या दशकातली, मराठी बाई अचानक जुन्या काळातली बंगाली स्त्री म्हणून बोलायला लागायची. टीकाकारांनी तिचा बंगालीशी आधीपासूनचा संबंध दाखवून दिला, आणि वाद तिथेच अडकला. स्टीव्हन्सन स्वतःसुद्धा आपल्या केसेसना पक्का पुरावा म्हणत नव्हते, पुनर्जन्म सुचवणाऱ्या केसेस एवढंच म्हणायचे, हे मला आवडलं.

आणि एक सांगते, विशेषतः बायकांना. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय, की मागच्या जन्मी तू माझी पत्नी किंवा प्रेयसी होतीस असं सांगून कुणी संबंध ठेवले तर तो गुन्हा आहे. कायद्यात एवढं नेमकं वाक्य आलंय म्हणजे असं किती जणींच्या बाबतीत झालं असेल विचार करा.

आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मला कुठं काय बघायचं होतं, मला विचारायचं होतं." रात्री गच्चीतून दारूकाम पाहिलं.

अक्कलकोट आणि गाणगापूर

पहाटे गाडी करून निघालो. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, ज्वारीची शेतं दोन्ही बाजूंना. वटवृक्ष मंदिरात दर्शन, मग स्वामींची समाधी जिथे आहे तो मठ, मग अन्नछत्रात प्रसाद. स्वामी समर्थ 1857 च्या सुमारास इथे आले आणि 1878 मध्ये देह ठेवला. कुठले, कुणाचे, हे त्यांनी कधी सरळ सांगितलं नाही. भक्त मानतात की गाणगापूरचे नृसिंह सरस्वती, दत्ताचे अवतार, श्रीशैलजवळच्या कर्दळीवनात गेले, शतकं समाधीत बसले, अंगावर वारूळ चढलं, एका लाकूडतोड्याची कुऱ्हाड लागली आणि ते बाहेर आले, तेच हे स्वामी. सिद्धरामही श्रीशैललाच गेले होते. एवढ्या लांबचा एक डोंगर आमच्या या भागातल्या सगळ्यांना धरून आहे, हे गाडीत बसल्यावर डोक्यात आलं.

गाणगापूर पुढे कर्नाटकात. भीमा-अमरजा संगमावर आईने पाय धुतले, औदुंबराला प्रदक्षिणा घातल्या, दुपारी मंदिराजवळ माधुकरी वाढली. नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांचं दर्शन झालं. इथे आरतीच्या वेळी बाधा झालेली म्हणून आणलेली माणसं ओरडतात, घुमतात, ते ऐकून होते तरी समोर बघणं वेगळं. एक कॉलेजच्या वयाची मुलगी, केस मोकळे, आईच्या पदराला घट्ट धरून गरगर फिरत होती. मला वाटलं हिला देवासोबत एक चांगला डॉक्टरही मिळू दे. तिच्या आईला मी आमच्या गोळ्यांचं सांगितलं, मोडक्या हिंदीत, तिने ऐकून घेतलं, नंबरही घेतला.

मग सभामंडपाबाहेर बसून मी आईला गुरुचरित्रातली रजकाची गोष्ट सांगितली. तिला माहीत होती, पण मला सांगायची होती. कुरवपूरला श्रीपाद श्रीवल्लभांना रोज नमस्कार करणारा एक परीट. त्याने नदीत नावेतून विहार करणारा राजा पाहिला आणि त्याच्या मनात आलं, काय हे वैभव. श्रीपादांनी ओळखलं, म्हणाले हे तुला भोगायला मिळेल, या जन्मी की पुढच्या? तो म्हणाला, आता म्हातारा झालो, पुढच्या. पण तुमची भेट पुन्हा होऊ द्या. पुढे तो बिदरचा मुसलमान राजा झाला. सगळं मिळालं, आणि सगळं विसरला. मग मांडीला फोड आला, वैद्य हरले, फिरत फिरत तो गाणगापूरला आला. नृसिंह सरस्वतींनी, म्हणजे श्रीपादांच्याच पुढच्या अवताराने, त्याला पाहिल्याबरोबर हाक मारली, अरे रजका, इतके दिवस कुठे होतास? आणि त्याला सगळं आठवलं. फोड बघायला गेला तर जागेवर नव्हता.

मला यातलं एकच खूप जवळचं वाटतं. तो विसरला होता, पूर्ण. धर्म, जात, गाव, धंदा, काहीच आधीचं उरलं नव्हतं. गाठ टिकली ती समोरच्याने लक्षात ठेवली म्हणून. कुंभाराच्या मुलीचंही तेच, तिला काही आठवत असेल नसेल, सोलापूर दर भोगीला विसरत नाही. आणि जखम बरी झाली ती मागचा जन्म दिसल्यामुळे नाही, त्याच्या नावाने कुणीतरी हाक मारली तेव्हा. हीलर लोक नेमकं उलटं सांगतात.

आई बराच वेळ गप्प होती. गाणगापूर रोड स्टेशनवर रेल्वेची वाट बघताना मी विचारलं, "पादुकांपाशी काय मागितलंस? परत सात जन्म?"

"नाही," म्हणाली. "कितवा होता ते विचारायचं राहूनच गेलं बघ. तुझ्या बाबांची एलिमेंटरी झाली होती, माहितीये ना? ड्रॉइंगची. इंटरमिजिएटला बसायच्या आधी शाळा सुटली, घरात कमवायला कुणी नव्हतं. शेवटपर्यंत बोलायचे त्याबद्दल. म्हटलं जिथं जन्माला येतील तिथं त्यांना शाळेतून कुणी काढू नये. कुणाच्या पोटी यायचं, मी भेटायची की नाही, ते त्याचं तो बघेल."

मग तिने आत्याला फोन लावला, स्पीकरवर, आणि पुढच्या वर्षी सुगडांच्या कामाला पंधरा दिवस आधी येते, माती मळायला तरी उपयोग होईल माझा, असं सांगितलं. आत्या म्हणाली, "ये की, पण माती मळणं सोपं नाही बरं वहिनी."